फळे, पित्त आणि सकाळची गोळी

व्याख्यान संपले की चिठ्ठ्या येतात, हा आपल्या उपनगरांतील व्याख्यानमालांचा जुना शिरस्ता आहे. वक्त्याने तासभर घसा कोरडा करून जे सांगितले त्याविषयी त्या चिठ्ठ्यांत क्वचितच काही असते. श्रोत्यांच्या मनात घरून निघतानाच जे घोळत होते तेच त्यांत उतरलेले असते. आहार आणि औषधे या विषयावर आम्ही अंधेरीस बोललो, बोरिवलीस बोललो, मुलुंड-घाटकोपरकडेही बोलण्याचा योग आला. आणि सर्वत्र एक चिठ्ठी ठरलेली. "मी पित्ताची गोळी घेतो. फळे खाल्ल्याने तिचा गुण जातो काय?" चैत्र-वैशाखात 'फळे' या शब्दाच्या जागी 'आंबा' असा पाठभेद आढळतो, एवढेच.

व्यासपीठावरून अशा चिठ्ठीचा निकाल दोन वाक्यांत लावावा लागतो. अध्यक्षांचे लक्ष घड्याळाकडे असते आणि श्रोत्यांचे शेवटच्या बसकडे. दोन वाक्यांतले उत्तर ऐकून मनुष्य घरी जातो आणि त्यातले सोयीचे तेवढे एक वाक्य लक्षात ठेवतो, असा आमचा अनुभव आहे. म्हणून त्याच चिठ्ठीचे उत्तर येथे जरा पैस जागा घेऊन देत आहोत.

प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ मुलुंडला राहतात. छातीत जळजळ होते, रात्री घशाशी आंबट येते, म्हणून डॉक्टरांनी त्यांना रोज सकाळी घ्यावयाची एक गोळी दिली. गुण येईना. कोणी तरी सांगितले, फळांतील आम्लाने गोळी मारली जाते. त्यांनी संत्री सोडली, मोसंबी सोडली, मग अननस, द्राक्षे, आणि शेवटी आंबासुद्धा सोडला. कोकणातला मनुष्य आणि आंबा सोडतो, यावरून त्रासाची कल्पना यावी. तरी गुण नाही. मग गोळी दुप्पट झाली. दोन वर्षांनी बोलता बोलता आम्ही सहज विचारले, "गोळी घेता केव्हा?" ते म्हणाले, "गाडीत. चहा-नाश्ता करून निघतो, बसायला जागा मिळाली की घेतो." सारी मेख तेथे होती. ज्या फळांवर दोन वर्षे आळ होता ती निर्दोष होती. गोळीच उशिराने पोटात जात होती.

परंतु पित्ताची गोळी म्हणजे कोणती, हे प्रथम ठरविले पाहिजे. आपल्या भाषेने या एका शब्दावर फारच ओझे लादले आहे. जळजळते, घशाशी आंबट येते, तेव्हाही आपण 'पित्त झाले' म्हणतो. अंगावर लाल गांधी उठून खाज सुटते, तेव्हाही 'पित्त उठले' म्हणतो. आणि यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा जो हिरवट-पिवळा रस, त्याचे तर ते नावच आहे. ही तीन निरनिराळी प्रकरणे आहेत. त्यांची औषधे वेगळी, आणि फळांशी त्या औषधांचे नातेही वेगळे.

अंगावरच्या पित्तासाठी फेक्सोफेनाडिन नावाची एक गोळी पुष्कळदा दिली जाते. शिंका आणि वाहत्या नाकावरही ती देतात. या गोळीच्या बाबतीत फळांविषयीची शंका अगदी खरी आहे. ही गोळी आतड्यातून रक्तात जाताना ज्या वाहक रेणूंच्या खांद्यावरून जाते, त्यांनाच संत्र्याचा, सफरचंदाचा किंवा ग्रेपफ्रूटचा रस अडवून धरतो; परिणामी औषध कमी शोषले जाते. म्हणून ती पाण्याबरोबर घ्यावी, फळांच्या रसाबरोबर घेऊ नये, अशी सूचना तिच्या माहितीपत्रकातच असते. आता एका पित्ताच्या गोळीविषयीची ही गोष्ट दुसऱ्या पित्ताच्या गोळीला चिकटणे किती सोपे आहे, हे वाचकांनीच पाहावे. शेजारच्या वहिनींना डॉक्टरांनी सांगितले असेल, "पित्ताची गोळी रसाबरोबर घेऊ नका," आणि ते खरेच असेल. फक्त ते पित्त निराळे होते.

आता आपल्या मूळ पित्ताकडे, म्हणजे अम्लपित्ताकडे, वळू. हा विकार आपल्याकडे जुना आहे. काश्यपसंहितेत आणि माधवनिदानात अम्लपित्ताचे स्वतंत्र वर्णन आलेले आहे. जठरात जे आम्ल असते ते हायड्रोक्लोरिक आम्ल होय, हे विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने १८२४ साली दाखवून दिले. त्यानंतर काही वर्षांनी अमेरिकेत बोमाँट नावाच्या लष्करी डॉक्टरने, बंदुकीच्या जखमेमुळे पोटाला कायमचे छिद्र राहिलेल्या एका माणसावर दीर्घकाळ निरीक्षणे केली आणि १८३३ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. अन्नाचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून तो त्या छिद्रातून आत सोडी आणि काही वेळाने बाहेर काढून पाही. त्या बिचाऱ्या माणसाला काय वाटत असेल याची नोंद ग्रंथात फारशी नाही. पण जठर आपले आम्ल आपण निर्माण करते, आणि अन्न आले की ते जोराने करते, ही गोष्ट त्यामुळे प्रत्यक्ष दिसली.

हे आम्ल जठरात असेतोवर तक्रार नसते. अन्ननलिका जेथे जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक वळे आहे. ते सैल पडले की आम्ल वर उसळते. जठराला आतून संरक्षक अस्तर आहे, अन्ननलिकेला तसे नाही. म्हणून जळते.

फळांची आंबटी आणि जठराची आंबटी यांची तुलना एकदा करून टाकू, म्हणजे अर्धे भय जाईल. आम्लता मोजण्याच्या मापाला शाळेत 'सामू' म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७. आकडा जितका खाली, आंबटपणा तितका अधिक. आणि एकेका आकड्याला दहापटीचा फरक. उपाशी जठरातील रसाचा सामू दीड-दोनच्या आसपास असतो. लिंबाच्या रसाचा दोन ते अडीच, संत्र्याचा साडेतीन ते चार, पिकल्या आंब्याचा चार-साडेचारच्या आसपास, केळ्याचा पाचच्या जवळपास, पपईचा त्याहून वर. म्हणजे ज्या संत्र्याला आपण आंबट म्हणून घाबरतो ते जठररसापेक्षा शंभरपटीच्या घरात सौम्य आहे. जे औषध जठराच्या आम्लाशी झुंजण्यासाठी योजलेले आहे ते संत्र्याच्या चार फोडींनी नामोहरम होईल, हे संभवत नाही.

आणि ही गोळी आम्लाशी समोरासमोर झुंजतही नाही. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही नावे आता घरोघर झाली आहेत. 'प्राझोल' हा शेपटीचा भाग दिसला की हे घराणे ओळखावे. यातील पहिले ओमेप्राझोल स्वीडनमध्ये तयार झाले आणि १९८८ साली युरोपात बाजारात आले. त्याच वर्षी जेम्स ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधीच्या पिढीचे आम्ल कमी करणारे औषध, सिमेटिडीन, हे त्यांच्या कामातून निघालेले. त्या पिढीतील रॅनिटिडीन आपल्याकडे वर्षानुवर्षे घराघरांत होते. पुढे त्यात कर्करोगाचा संशय असलेले एक द्रव्य सापडले, २०२० साली अमेरिकेने ते बाजारातून काढावयास लावले, आणि भारतानेही २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते वगळले. तेव्हापासून 'प्राझोल' घराण्याचे राज्य अधिकच पसरले आहे.

या गोळीचे काम समजण्यासाठी उपनगरातल्या माणसाला लांब जावे लागत नाही. आपल्या सोसायटीत पालिकेचे पाणी पहाटे येते, खालच्या टाकीत साठते, आणि पंप लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवतात. जठराच्या भिंतीतील पेशींत असेच असंख्य सूक्ष्म पंप आहेत. ते आम्लाचे कण जठरात ढकलतात. 'प्राझोल' ही या पंपांना लावावयाची कुलपे होत. परंतु हे कुलूप विचित्र आहे. बंद पंपाला ते लागतच नाही. पंप चालू असेल तरच लागते. आणि पंप मोठ्या संख्येने चालू होतात ते केव्हा? अन्न पोटात गेले म्हणजे. रात्रभराच्या उपवासानंतरच्या पहिल्या खाण्याला तर विशेषच.

आणखी एक अडचण अशी की, हे औषध रक्तात फार काळ टिकत नाही. साधारण एक-दीड तासात त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. एकदा कुलूप लागले की मात्र ते पक्के असते आणि त्याचा परिणाम दिवसभर राहतो. तेव्हा कुलूपवाला आधी येऊन दारात उभा पाहिजे आणि मग पंप सुरू झाले पाहिजेत. यासाठीच खाण्यापूर्वी अर्धा ते एक तास गोळी घ्यावी असे सांगतात. पंप चालू होऊन पुन्हा विसावल्यावर कुलूपवाला आला तर त्याने करावे काय? शिवाय काही 'प्राझोल' भरल्या पोटी शोषलीही कमी जातात. इसोमेप्राझोल जेवणानंतर घेतले तर रक्तात पोहोचणारे औषध निम्म्याच्या आसपास घटते, असे मोजमापांत दिसले आहे. पँटोप्राझोलचे प्रमाण तसे घटत नाही, पण त्याला उशीर होतो. आणि उशीर हाच येथे मुख्य दोष. मुलुंडच्या गृहस्थांची चूक ती हीच.

म्हणून चिठ्ठीचे खरे उत्तर असे: फळाच्या आंबटपणाने ही गोळी वाया जात नाही, गोळीच्या आधी पोटात गेलेल्या कोणत्याही खाण्याने तिचा गुण उणावू शकतो, मग ते फळ असो, पोहे असोत की चहा-खारी असो. फळ येथे केवळ अन्न म्हणून मोजावे. सकाळी सहाला केळे आणि साडेसहाला गोळी, हे बरोबर नाही. सहाला गोळी आणि पावणेसातला केळे, हे उत्तम.

सकाळची गाडी गाठणाऱ्यांना आम्ही एक सोपी रीत सांगतो. गोळी उशाशी, पाण्याचे भांडे उशाशी. उठल्याबरोबर, दात घासण्याच्याही आधी ती घ्यावी. मग प्रातर्विधी, स्नान, पूजा, डब्याची गडबड यांत अर्धा तास आपोआप जातो आणि चहा-नाश्त्याची वेळ होते. दोन वेळा घ्यावयास सांगितली असेल तर दुसरी गोळी रात्रीच्या जेवणाआधी तशीच अर्धा तास. निजताना घेतलेल्या गोळीचा उपयोग फारच कमी, कारण त्यानंतर आपण काही खात नाही. आणि पहिल्या दिवशी गुण आला नाही म्हणून रागावू नये; रोज थोडे नवे पंप तयार होत असतात, त्यामुळे पूर्ण परिणाम व्हावयास तीन ते पाच दिवस लागतात.

येथे उपवासाचा प्रश्न हटकून येतो. संकष्टीला सकाळी गोळी घेतली आणि चंद्रोदयापर्यंत काहीच खाल्ले नाही, तर थोडेच पंप चालू राहतात आणि गोळीचा बराचसा भाग व्यर्थ जातो. दिवसा फराळ किंवा फळे घेणार असाल तर त्यापूर्वी अर्धा तास गोळी घ्यावी. कडक उपवास असेल तर गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून पुढे न्यावी. आणि मोरावळा? पुष्कळ घरांत सकाळी अनशेपोटी मोरावळा खाण्याची चाल आहे. आवळा आंबट असूनही पित्तशामक मानला जातो. त्या शास्त्रार्थात आम्ही शिरत नाही. मोरावळा हवा तर खावा. फक्त गोळी आधी, मोरावळा मागून.

आता एक गंमतीची गोष्ट. 'प्राझोल' औषधांना आम्ल सहन होत नाही. उघडी पोटात गेली तर जठरातच त्यांचे वाटोळे होते. म्हणून त्यांच्यावर एक लेप चढवलेला असतो. हा लेप आंबट जागी टिकतो, आणि पुढे लहान आतड्यात आंबटपणा कमी होऊन सामू साडेपाचच्या वर गेला म्हणजे विरघळतो. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून परत जठराच्या पंपापर्यंत, असा त्याचा वळसा आहे. ज्यांना कॅप्सूल गिळता येत नाही अशा रुग्णांसाठी ओमेप्राझोलच्या माहितीपत्रकात काय सांगितले आहे? कॅप्सूल उघडून आतले बारीक दाणे चमचाभर सफरचंदाच्या मऊ, गार गरात मिसळावे आणि न चावता लगेच गिळावे. म्हणजे ज्या फळाच्या आम्लाला आपण भीत होतो, त्याच्याच आश्रयाला औषध ठेवावयास सांगितले आहे. कारण सफरचंदाच्या आंबटीत तो लेप सुरक्षित राहतो.

दुधाचे मात्र तसे नाही. दुधाचा सामू साडेसहाच्या पुढे, जवळजवळ पाण्यासारखा. त्यात ते दाणे भिजत ठेवले तर लेप तेथेच सुटू लागतो आणि उघडे पडलेले औषध जठरात जाऊन नासते. आपल्याकडे वृद्धांना गोळी कुटून दुधातून देण्याची जी रीत आहे ती या औषधासाठी अगदी चुकीची होय. पँटोप्राझोलची लेपाची गोळी तर कुटावयाची नाही, मोडावयाची नाही, चावावयाचीही नाही. गिळणे कठीण असेल तर कोणते रूप घ्यावे ते डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानातील जाणकाराला विचारावे. फळाला दोष आणि दुधाला मान, ही आपल्या घरातली वाटणी येथे नेमकी उलटी ठरते. जळजळीवर गार दूध पिण्याने क्षणभर बरे वाटते हे खरे; पण दूध जठरात गेल्यावर पुन्हा आम्ल सुटतेच.

इतके झाल्यावर कोणी म्हणेल, मग आम्हाला संत्रे खाल्ले की जळजळते ते काय खोटे? मुळीच नाही. गोळी बिघडणे आणि जखमेला झोंबणे या दोन गोष्टी आहेत. आम्लाने सोललेल्या अन्ननलिकेवरून लिंबू, अननस, टोमॅटो जाताना झोंबतात. १९७८ साली अमेरिकेत एका प्रयोगात असेही आढळले की, संत्र्याच्या रसाची आंबटी काढून टाकून तो रुग्णांच्या अन्ननलिकेत सोडला तरी झोंबला. म्हणजे दोष केवळ आम्लाचाही नाही. ज्याला जे फळ झोंबते त्याने ते काही दिवस टाळावे. गोळीने अन्ननलिका बरी झाली की पुन्हा थोडे खाऊन पाहावे. सर्वांनी सर्व फळे सोडावी असा पुरावा नाही. वजन उतरविणे आणि पलंगाची उशाकडची बाजू उंच करणे, यांच्या उपयोगाचा पुरावा फळे सोडण्यापेक्षा बळकट आहे.

आंब्यावरचा आळही तपासून पाहण्यासारखा आहे. रविवारी आमरस-पुरीचे जेवण होते. रस वाटीने नव्हे, वाडग्याने, त्यावर तूप, पुऱ्या तळलेल्या, आणि नंतर पंख्याखाली उताणे. रात्री जळजळले की नाव आंब्याचे. वास्तविक जठर तडस लागेपर्यंत भरले, तळणीने ते रिकामे व्हावयास उशीर झाला आणि आडवे झाल्याने वळ्यातून आम्ल सुटले. आपल्या वाडवडिलांनी जेवणानंतर 'वामकुक्षी' सांगितली ती मात्र विचार करण्यासारखी आहे. वामकुक्षी म्हणजे डावी कूस. डाव्या कुशीवर निजले असता जठर अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खालच्या पातळीस राहते आणि वर आलेले आम्ल लवकर ओसरते, असे आजच्या मोजमापांतही दिसते. आपण शब्द ठेवला आणि कूस विसरलो! तथापि ज्यांना हा त्रास आहे त्यांनी जेवणानंतर दोन-तीन तास आडवे न होणेच चांगले.

फळांनी ज्या औषधांचे खरोखर बिघडते, त्यांतले एक अम्लपित्ताच्याच घरात आहे, आणि त्याकडे कोणाचे लक्ष नसते. बाटलीतून मिळणारे जे पांढरे किंवा गुलाबी पातळ औषध जळजळीवर लगेच घेतात, त्यात बहुधा अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड असते. ते आम्लाला जागच्या जागी मारते आणि त्यातले अॅल्युमिनियम बहुतेक सगळे मलावाटे निघून जाते. परंतु त्याच सुमारास लिंबूपाणी किंवा संत्र्याचा रस घेतला तर त्यातील सायट्रिक आम्ल अॅल्युमिनियमला धरून रक्तात नेते. शोषण कित्येक पटींनी वाढते. मूत्रपिंड धडधाकट असेल तर ते बाहेर टाकले जाते. ज्याचे मूत्रपिंड दुबळे आहे त्याच्या शरीरात मात्र ते साचते आणि हाडांना व मेंदूला अपाय करते. उन्हातून आल्यावर एकीकडे लिंबू सरबत आणि दुसरीकडे दोन चमचे पातळ औषध, हे दृश्य आपल्या घरांत दुर्मिळ नाही. दोहोंत दोन-तीन तासांचे अंतर असावे. मूत्रपिंडाच्या रुग्णाने तर ते औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

दुसरे नाव ग्रेपफ्रूटचे. १९८९ साली कॅनडातील बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रक्तदाबाच्या एका औषधावर प्रयोग करताना अचानक दिसले की, या फळाच्या रसाने औषधाचे रक्तातले प्रमाण भलतेच चढते. औषध मोडणारे एक विकर आतड्यात निकामी होते. 'फळाने औषध बिघडते' ही आजची सार्वत्रिक भीती बरीचशी त्या शोधातून पसरली. आपल्या बाजारात ग्रेपफ्रूट क्वचितच दिसते; पण त्याचे एक पूर्वज, पपनस, गणपतीच्या दिवसांत दादरपासून बोरिवलीपर्यंत सगळीकडे असते, आणि तीच द्रव्ये त्यातही आहेत. 'प्राझोल' मुख्यतः निराळ्या विकराने मोडतात, म्हणून त्यांना पपनसापासून फारसे भय नाही. पण अम्लपित्ताबरोबर रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची किंवा मूत्रपिंड-रोपणानंतरची औषधे चालू असतील, तर प्रसादाची एखादी फोड ठीक. रोजचे पपनस विचारून खावे.

चिठ्ठीत जो प्रश्न कोणीच विचारीत नाही तो आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो: फळाने गोळीचे काय होते यापेक्षा, गोळीने फळ खाणाऱ्याचे काय होते? जठरातील आम्ल हा आपला द्वारपाल आहे. अन्नपाण्याबरोबर येणारे पुष्कळ जंतू तेथेच मरतात. गोळीने आम्ल उतरले की हा पहारा सैल होतो. ही औषधे घेणाऱ्यांत आतड्यांचे काही संसर्ग अधिक आढळतात, हे आता नीट नोंदले गेले आहे. आता अंधेरी किंवा घाटकोपर स्टेशनबाहेरची ती फळांची थाळी डोळ्यांसमोर आणा. कलिंगड, पपई, अननस यांच्या फोडी, वर मसाला, माशा हाकलण्यासाठी एक हात आणि तोच हात फोडी उचलण्यासाठी. निरोगी माणसालाही ती पावसाळ्यात जोखमीची. उघड्यावर कापून ठेवलेल्या फळांवर पालिका वेळोवेळी कारवाई करते ती उगाच नाही. ज्याने पहाटे उठून आपल्या द्वारपालाला रजा दिली आहे त्याने तर ती थाळी घेऊच नये. त्याने सालीचे फळ घ्यावे: केळे, संत्रे, मोसंबे, किंवा घरी नेऊन, धुऊन, आपल्या सुरीने कापून खावे. बोरिवलीच्या बाजूला उन्हाळ्यात टोपल्यांतून करवंदे-जांभळे येतात, तीही आधी धुवावीत. रानमेवा तसाच तोंडात टाकण्याची मजा आम्हालाही ठाऊक आहे; पण ती गोळी बंद झाल्यावर.

गोळी वर्षानुवर्षे चालू ठेवली तर आणखीही काही घडते. अन्नातून ब-१२ जीवनसत्त्व सुटे करावयास आम्ल लागते. पालेभाज्या-डाळींतील लोह शोषावयासही ते उपयोगी पडते. शाकाहारी घरांत ब-१२ मुळातच तुटपुंजे असते. फळांतील क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणाला मदत करते, आणि पेरूत तर ते संत्र्याहूनही कितीतरी अधिक. म्हणजे जो मनुष्य गोळी पाच वर्षे घेतो आणि तिचा गुण जाऊ नये म्हणून पेरू, संत्री, आवळे सोडून बसतो, तो दोन्हीकडून नागवला जातो. एक दरवाजा औषधाने अरुंद केला, दुसरा त्याने आपल्या हाताने लावून घेतला.

एवढी वर्षे गोळी घ्यावयाची की नाही, हे डॉक्टरांना एकदा तरी विचारावे. पुष्कळांना ती काही आठवड्यांपुरतीच दिलेली असते. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून ती चालू राहते. पण मनाने एकदम सोडूही नये. कुलपे निघाली की साचलेला जोर उसळतो आणि काही दिवस आम्ल पूर्वीपेक्षा जास्त सुटते. माणसाला वाटते, रोग परत आला. हळूहळू उतरवावी. गिळताना घास अडकणे, वजन उतरणे, रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौचास होणे, यांपैकी काही असेल तर गोळीची वेळ आणि फळांची यादी करीत बसू नये. तपासणी करून घ्यावी. छातीतील कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर ते पित्त समजून सोडा पीत घरी थांबणे जिवावर बेतते. तेव्हा थेट रुग्णालय.

मुलुंडच्या गृहस्थांची गोळी आता उशाशी असते. डॉक्टरांनी ती पुन्हा एकवर आणली. गेल्या मोसमात त्यांच्या घरी देवगडची पेटी आली, त्यातला पहिला आंबा त्यांनी, आमच्या सांगण्यावरून, सकाळच्या नाश्त्याला कापून खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी फोनवरून विचारले, "आता रात्री एक चालेल काय?" आम्ही विचारले, "जेवता कधी आणि निजता कधी?" ते म्हणाले, "जेवतो दहाला, निजतो साडेदहाला." आम्ही त्यांना सांगितले की, आंबा चालेल, साडेदहा चालणार नाहीत.